बंद पडलेल्या नाण्यांचं १,२९९ रुपयांचं पाकीट, घ्यावं का?

आधीच सांगतो, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. ऑनलाइन असा माल विकणारे ढिगाने आहेत, सगळ्यांचा माल उन्नीस-बीस सारखाच, फोटोसुद्धा एकमेकांचे ढापलेले, मग एकालाच धरून धोपटण्यात काय मजा. मी जे मागवलं त्याचं नाव होतं "जगभरातील बंद झालेल्या चलनांचा खजिना, १०० नाणी, १५ नोटा, सोबत अल्बम फ्री". किंमत १,२९९, डिलिव्हरीचे ६० वेगळे. म्हणजे अल्बम फुकट धरला तर नगाला साधारण अकरा रुपये पडले. वडापावपेक्षा स्वस्त.

घेतलं भाच्यासाठी. ताईचा मुलगा, वय ११, सुट्टीला आमच्याकडे डोंबिवलीला आलेला, आणि दिवसभर मोबाईल मोबाईल करून डोकं उठवलेलं. म्हटलं काहीतरी हातात देऊ. आता खरं सांगायचं तर मोबाईल सुटला नाहीच, फक्त आता तो त्याच्यावर नाण्यांचे भाव बघतो आणि दर अर्ध्या तासाने येऊन विचारतो, मामा, आपण करोडपती झालो का. त्यावर नंतर येतो.

पाकीट आठ दिवसांनी आलं. पॅकिंग चांगलं, नोटा वेगळ्या कडक प्लास्टिकमध्ये, पण नाणी सगळी एका कापडी थैलीत कोंबलेली, उलटी केली तर खळ्ळकन सतरंजीवर पसरली आणि दोन कपाटाखाली गेली. सोबत एक झेरॉक्स यादी, देश आणि किंमत लिहिलेली. ही यादी चुकांनी भरलेली आहे, पण तिच्यातल्या एका चुकीमुळेच हे पाकीट वसूल झालं, तेही पुढे सांगतो.

पहिल्यांदा मोजदाद. शंभर नाणी खरंच शंभर निघाली, त्यात बेइमानी नाही. पण "बंद झालेली" म्हणाल तर तेवीस नाणी नेपाळ, श्रीलंका, थायलंड, मलेशिया असल्या देशांची, जिथलं चलन आजही मजेत चालू आहे. बँकॉकला गेलेल्या कुठल्याही माणसाच्या पँटच्या खिशात असतात ही. आणि सहा नाणी चक्क आपली! दहा पैशाची ती कातरलेल्या कडेची आणि वीस पैशाची षटकोनी. आता २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून रद्दच झाली, तेव्हा अक्षरशः बघितलं तर दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण आमच्या देव्हाऱ्याच्या खणात मूठभर पडली आहेत ना ती, मी पैसे देऊन कशाला आणू?

उरली एकाहत्तर. ती मात्र खरी मेलेली. आणि ह्यांच्यासाठी मी उरलेलं सगळं माफ करायला तयार आहे.

सगळ्यात मोठा गठ्ठा युरोपचा, ते साहजिक आहे. १ जानेवारी २००२ ला बारा देशांत एकदम युरोच्या नोटा-नाणी हातात आली आणि मार्क, फ्रँक, लिरा, पेसेटा, गिल्डर, शिलिंग, एस्कुदो, द्राख्मा सगळं एका फटक्यात भंगार. म्हणून तर किलोवर मिळतात. भाच्याने फोनवर जुने दर काढले आणि म्हणाला हे काय, १ युरोला १.९५५८३ मार्क, १९३६.२७ लिरा, ६.५५९५७ फ्रँक, सरळ दोन करता आला नसता का? म्हटलं बाबा, नियमच होता की दर सहा आकडी ठेवायचा, ना कमी ना जास्त, नीट मोज. मोजले. खरंच सगळीकडे सहाच. तेवढ्यावर तो अर्धा तास गप्प होता, म्हणजे सव्वाशे रुपये तिथेच वसूल.

इटलीचं ५०० लिराचं नाणं हातात घेऊन बघाच. मधे पिवळा धातू, बाहेर पांढरा, आपल्या दहाच्या नाण्याची आठवण येईल, फक्त रंग उलटे. आणि त्यांनी हे १९८२ लाच काढलं, असं दोन धातूंचं नाणं रोजच्या व्यवहारासाठी टाकसाळीतून बाहेर काढणारे आधुनिक काळातले ते पहिले. आणि हेच इटलीवाले त्याआधी सत्तरच्या दशकात सुट्ट्या पैशांसाठी इतके हैराण झाले होते की दुकानदार उरलेल्या पैशांच्या गोळ्या द्यायचे आणि बँका छोट्या रकमेचे चेक छापून चालवायच्या. मी हे भाच्याला सांगितल्यावर तो म्हणाला, मग आपल्या खालच्या मेडिकलवाल्यासारखेच की. आता ह्यावर काय बोलणार.

लिराच्या नोटाही दोन होत्या, त्यातली हजाराची बघून आमची ही एकदम उठून आली कारण तिच्यावर मारिया माँटेसरीचं चित्र आहे. ही बालवाडीत शिकवते. माँटेसरीबाई दुसऱ्या महायुद्धात भारतातच होत्या, मद्रासजवळ अड्यारला, ते तिला माहीत होतं, पण नोटेवर त्या होत्या हे नव्हतं. ती नोट आता तिच्या पर्समध्ये आहे, पाकिटात चौदा राहिल्या.

जर्मनीचं १ मार्कचं नाणं मात्र गंमतच आहे. बाकीच्या बऱ्याच देशांनी बदलून द्यायची मुदत ठेवली होती, फ्रान्सने फेब्रुवारी २०१२ ला दार लावलं, इटलीने तर ठरल्या तारखेच्या आधीच, डिसेंबर २०११ ला, स्पेनने जून २०२१ ला. पण जर्मनीची सेंट्रल बँक मार्क अजूनही बदलून देते, कितीही जुनं असो, मुदतच नाही. म्हणजे अकरा रुपयांना पडलेलं हे नाणं तिकडे दिलं तर ५१ सेंट मिळतील, आपले चाळीस-पन्नास रुपये झाले! ह्या अख्ख्या खजिन्यातली फायद्याची गुंतवणूक म्हणाल तर एवढीच. उत्साहात म्युनिकच्या मावसबहिणीला मेसेज टाकला. तिचं उत्तर, "मी ट्रेनचं तिकीट काढून तुझे ५१ सेंट आणायला जाऊ का, का इकडूनच गूगल पे करू?"

मार्क मेला पण नाव मात्र बोस्नियात जिवंत आहे, त्यांच्या चलनाला आजही मार्कच म्हणतात आणि दरही जर्मन मार्कचाच, १ युरोला १.९५५८३. घरातला म्हातारा गेला तरी पाटी तशीच ठेवतात ना, तसं.

आता जर्मनीचं दुसरं भावंड. पूर्व जर्मनीचा १ फेनिग. अल्युमिनियमचा. आमच्या किचनच्या वजनकाट्यावर ठेवला तर काट्याने ० दाखवला, पंखा लावला तर सरकतो. हे लोक स्वतःच ह्या नाण्यांना अल्युमिनियमच्या चिप्स म्हणून हिणवायचे. १ जुलै १९९० ला तिकडे पश्चिमेचा मार्क आला आणि ह्या सगळ्या चलनाचं करायचं काय हा प्रश्न पडला. नाणी वितळवली, नोटा मात्र हाल्बरश्टाटजवळच्या डोंगरातल्या बोगद्यात नेऊन गाडल्या, म्हटलं आपोआप कुजतील. नाही कुजल्या. उलट चोर आत शिरून नोटा पळवायला लागले, त्यात २०० आणि ५०० च्या अशा नोटा होत्या ज्या कधी चलनातच आल्या नव्हत्या, आणि संग्राहकांच्या बाजारात त्या दिसल्यावर हे उघडकीला आलं. शेवटी २००२ मध्ये सगळं उकरून जाळून टाकलं. तेव्हा तुम्हाला कोणी पूर्व जर्मनीची कोरी करकरीत ५०० ची नोट दाखवली तर ती कुठून आली असेल ते समजून घ्या.

वजनकाटा निघालाच होता म्हणून सोव्हिएत नाणी चढवली. आणि हा आमच्या सुट्टीतला सर्वात भारी प्रयोग. १९६१ नंतरचा १ कोपेक बरोब्बर १ ग्रॅम. २ कोपेक २ ग्रॅम. ३ चा ३, ५ चा ५. म्हणजे घरात वजनं नसतील तर गल्ल्यातली चिल्लर टाकून वेलची मोजता येईल. भाच्याने लगेच मोजली पण, आईच्या डब्यातली, ८ ग्रॅम, पाच अधिक तीन. आमच्या पाकिटात १, २, ३, ५ चारही होते, ह्यासाठी दुकानदाराला एक स्टार जास्त. १० च्या पुढे हा हिशोब चालत नाही, तिथे धातूच वेगळा आहे.

एक रुबलची नोट होती त्यावर रकमेचं नाव पंधरा प्रजासत्ताकांच्या पंधरा भाषांत. आपल्या नोटेवर सतरा. भाच्याने भिंगाने बघून विचारलं की ते पंधरा देश झाले, मग नोटेचं काय झालं. झालं काय, त्याच्याही आधी एक झटका बसला होता. जानेवारी १९९१ मध्ये एका संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं की ५० आणि १०० च्या जुन्या नोटा आज रात्रीपासून बंद, बदलायला तीन दिवस. रांगा, आरडाओरडा, म्हातारी माणसं बँकेच्या दारात. ऐकल्यासारखं वाटतंय ना? आमच्याकडे तर आई एकदम म्हणाली, पुरे, जेवायला बसा.

आणि ब्रह्मदेशाची ४५ ची नोट. हो, पंचेचाळीस. आणि ९० ची पण एक. सप्टेंबर १९८७ मध्ये तिथल्या ने विन ह्या हुकूमशहाने २५, ३५ आणि ७५ च्या नोटा रद्द केल्या, एक पैसा परत नाही, आणि त्याऐवजी ४५ आणि ९० च्या काढल्या कारण नऊ हा त्याचा लकी आकडा आणि दोन्ही रकमांतल्या आकड्यांची बेरीज नऊ. लोकांची आयुष्याची कमाई गेली एका माणसाच्या अंकशास्त्रात. पुढच्याच वर्षी देशभर लोक रस्त्यावर आले. क्यात हे चलन अजून चालू आहे त्यामुळे खरं तर हीसुद्धा "बंद झालेलं चलन" मध्ये बसत नाही, पण ही तक्रार मी करणार नाही, अशा नोटा असतील तर दहा द्या.

आता जिथे खरा भांडणाचा मुद्दा आहे तिथे येतो. जाहिरातीच्या फोटोत मधोमध, सगळ्यात मोठी, झिम्बाब्वेची १०० ट्रिलियन डॉलरची नोट होती, ती एकावर एक रचलेल्या दगडांची. तीच बघून भाच्याने हट्ट धरला होता. पाकिटात काय निघालं तर सोनेरी फॉइलचा कागद! मिठाईच्या डब्यावर असतो तसा. चकचकीत, एका बाजूने नोटेचं चित्र उमटवलेलं, हातात घेतला की कुर्र कुर्र वाजतो. यादीत मात्र छाती ठोकून "झिम्बाब्वे, १०० ट्रिलियन". खरी नोट आज काही हजारांच्या खाली मिळत नाही, त्यामुळे १,२९९ च्या पाकिटात ती खरी असेल असं मानणारा मीच बैल, पण मग फोटोत खरी का लावता? मेसेज केला तर उत्तर आलं, "सर ती सुवर्ण आवृत्ती आहे, जास्त प्रीमियम". चार मेसेज, दोन फोन आणि एका वाईट रेटिंगच्या धमकीनंतर शंभर रुपयांचं कूपन दिलं, तेही पुढच्या खरेदीवर. पुढची खरेदी!

तरी त्या नोटेमुळे आमच्याकडे एक वेगळाच कार्यक्रम झाला. भाचा एकावर चौदा शून्यं मोजत बसला होता, ट्रिलियन म्हणजे किती ते घरात कोणालाच धड सांगता येईना, मी म्हटलं शंभर ट्रिलियन म्हणजे कोटी गुणिले कोटी. तर आतून आजी, माझी आजी, वय ८४, चष्मा नाही पण पाठांतर आहे, तिने सुरू केलं. कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी. थांब, म्हणाली, चौदा शून्यं ना? मग जलधी. एक जलधी डॉलर. त्याच्या पुढे अंत्य, मध्य, परार्ध, संपलं.

आणि ह्या एक जलधीचं काय मिळत होतं? २०१५ मध्ये सरकारने जुन्या नोटा गोळा केल्या तेव्हा असल्या एका नोटेचे ४० अमेरिकन सेंट दिले. बँकेत खातं असेल तर १७५ क्वाड्रिलियनपर्यंतच्या (क्वाड्रिलियन म्हणजे हजार ट्रिलियन) शिलकीला सरसकट ५ अमेरिकन डॉलर. आज त्याच रद्दीला संग्राहक त्याच्या कित्येक पट देतात, म्हणजे चलन म्हणून मेलं आणि चीजवस्तू म्हणून जास्त जगलं.

युगोस्लाव्हियाची ५०० अब्ज दिनारची नोट मात्र खरी निघाली, १९९३ ची, मधोमध घडी पडलेली, कडा मळलेल्या, म्हणजे कुणाच्या तरी खिशातून फिरलेली. ह्यावर योवान योवानोविच झ्माय ह्या सर्बियन कवीचं चित्र आहे, लहान मुलांच्या कविता लिहिणारा माणूस, आणि त्याच्या नशिबी ही नोट आली. जानेवारी १९९४ ला तिथे महिन्याला ३१ कोटी टक्क्यांच्या वर महागाई होती. महिन्याला! ही नोट आजीच्या मापाने पाच निखर्वांची. मी ती नोट बराच वेळ हातात धरून बसलो होतो. फॉइलवाल्या नोटेला असलं काही होत नाही.

मग भाच्याने विचारलं की परार्धाच्या पुढची नोट आहे का. आहे. हंगेरी, १९४६. पाकिटात त्यांची १०० दशलक्ष पेंग्योची होती, आपले दहा कोटी, आणि ती त्या काळात सुट्टे पैसे समजायची. चलनात आलेली सगळ्यात मोठी नोट एकावर वीस शून्यं. परार्ध सतरा शून्यांवर थांबतो, म्हणजे ती झाली हजार परार्ध. जुलै १९४६ मध्ये भाव साधारण पंधरा तासांत दुप्पट होत होते, सकाळच्या चहाचा आणि रात्रीच्या जेवणानंतरच्या चहाचा दर वेगळा. १ ऑगस्टला फोरिंट आणला तेव्हा एका फोरिंटला चारावर एकोणतीस शून्यं एवढे पेंग्यो. आजीला सांगितलं तर म्हणाली, मग असले पैसे मोजायचे नसतात, तोलायचे.

आजीमुळे ह्या पाकिटाची निम्मी मजा आली हे कबूल करतो. इंग्लंडचं जुनं गणित मी भाच्याला समजावत होतो, १२ पेनीचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड, म्हणजे २४० पेनी, १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत असंच चालू होतं, आणि तो म्हणत होता की हे लोक वेडे होते का. आजी म्हणाली त्यात काय, आमचा रुपया सोळा आण्यांचा, आणा चार पैशांचा, पैसा तीन पैचा, एकशे ब्याण्णव पै झाल्या की नाही? पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी पाठ असली की झालं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि तिच्या मते हिशोब तेव्हापासून बिघडले, कारण चार आण्याचे २५ नवे पैसे होतात पण एका आण्याचे धड सहाही नाहीत आणि सातही नाहीत, आणि जिथे फायदा होईल तिथे दुकानदार तो आकडा धरणार.

स्पेनचं २५ पेसेटाचं भोकाचं नाणं तिने बघताच ओळखल्यासारखं उचललं. आमच्याकडेही होता भोकाचा पैसा, करगोट्यात ओवायचे पोरांच्या. हो, १९४३ ते ४७ चा तो. तांबं युद्धात लागत होतं म्हणून मधला भाग काढला.

आणि आता ती चूक. यादीत सत्तावन्न नंबरला लिहिलंय "पोर्तुगाल, १० सेंट". नाणं इतकं काळवंडलेलं की काहीच वाचता येत नव्हतं, मी बाजूला टाकलं होतं. दुपारी मी ऑफिसच्या कॉलवर, आणि आजी आणि पणतू दोघांनी मिळून काय केलं तर तांब्या-पितळेची सगळी नाणी चिंचेच्या कोळात टाकली. देवाची भांडी घासतात तशी. मी बाहेर आलो तर इंग्लंडची जुनी पेनी गुलाबी! नव्या नवरीसारखी चमकत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जुन्या नाण्यावरचा रंग घासून काढला की संग्राहक त्याला हात लावत नाही, भाव पार बसतो. चिंच, लिंबू, ब्रासो, टूथपेस्ट, काहीही लावू नका. साध्या पाण्याने धुवा, टिपा, ठेवून द्या.

मी ओरडणार तेवढ्यात आजीने ते सत्तावन्न नंबरचं नाणं खिडकीकडे धरलं आणि म्हणाली, "ह्यां खंय गावलां रे तुका?"

आजीचं माहेर बांद्याचं, सावंतवाडीच्या खाली, गोव्याच्या हद्दीला टेकलेलं. तिचा मामा गोव्यातल्या पेडण्याला. नाण्यावर आता स्वच्छ दिसत होतं, एस्तादो दा इंडिया, १० सेंताव्हो, १९६१. पोर्तुगालचं नव्हेच ते. गोव्याचं, पोर्तुगीज राजवटीतलं, आणि तेही त्या वर्षीचं ज्याच्या डिसेंबरात भारतीय सैन्य आत शिरलं आणि १९ तारखेला गोवा मोकळा झाला. तिथे आधी रुपियाच चालायचा, पण १९५८ मध्ये पोर्तुगीजांनी तो बंद करून आपला एस्कुदो आणला, एका रुपियाला सहा एस्कुदो. आणि म्हणून त्यांची नाणी जगावेगळी आहेत, ३० सेंताव्हो, ६० सेंताव्हो, ३ एस्कुदो, ६ एस्कुदो. लिस्बनवाल्याला असली नाणी लागली नसती, पण गोव्याच्या बाजारात माणसाच्या डोक्यात रुपियाच होता, सहाचा रुपिया, तीनचा अर्धा, साठ सेंताव्होचा दहावा भाग. तीन-चार वर्षांत ह्या सगळ्याचा खेळ खलास, आपला रुपया आला. एवढं कमी जगलेलं चलन, आणि एका झेरॉक्स यादीत चुकीच्या देशाखाली.

आजी म्हणाली मामा यायचा तेव्हा खिशात दोन्हीकडचे पैसे असायचे, आणि कुठला कुठे चालेल ते नाक्यावरच्या चहावाल्याला विचारायचं. ती हे इतकं सहज सांगत होती आणि आम्ही चाळीस वर्षं कधी विचारलंच नव्हतं.

बरं, राहिलेल्या गोष्टी भराभर. आयर्लंडची जुनी नाणी फार देखणी, पेनीवर कोंबडी आणि पिल्लं, अर्ध्या पेनीवर डुकरीण, नुसती चित्रं बघण्यासाठी घ्यावीत. क्रोएशियाचा कुना ताजा ताजा मेलेला, जानेवारी २०२३ ला, त्यावर मुंगसासारखा दिसणारा प्राणी आहे, कुना म्हणजे तोच. घानाच्या सेदी ह्या नावाचा अर्थ कवडी, आणि आपण अजून "फुटकी कवडी देणार नाही" म्हणतो. सोमालियाची गिटारच्या आकाराची नाणी अशा सेटमध्ये फार मिरवतात, ती कधीच कुणाच्या खिशात नव्हती, २००४ मध्ये खास संग्राहकांना विकायलाच पाडली, माझ्याकडे आली नाहीत, आली असती तर परत केली असती.

फ्री अल्बमबद्दल. फेकून द्या. उघडल्या उघडल्या नव्या रेनकोटसारखा भपकारा आला, म्हणजे पीव्हीसी. त्यात तांब्याची नाणी ठेवली की काही महिन्यांनी हिरवा चिकट थर धरतो आणि तो नाण्याला खातो. स्टेशनजवळच्या संग्राहकांच्या दुकानातून पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर आणले, शंभराचे दीडशे रुपये, आत मायलरची, म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असते. स्टेपलर मारताना मात्र नाण्यापासून लांब मारा, भाच्याने फ्रेंच फ्रँकला पिन टोचलीये.

आणि ज्यांना वाटतंय ह्यातून पैसा होईल त्यांनी ऐका. होत नाही. ही नाणी स्वस्त आहेत कारण ती कोट्यवधींनी पाडली होती. आणि ट्रॅक्टरवाली पाचची नोट द्या, लाखो रुपये घ्या असले मेसेज येतात ना, त्यात आधी रजिस्ट्रेशन फी, मग टॅक्स, मग कमिशन मागतात. रिझर्व्ह बँकेने स्वतः २०२१ मध्ये जाहीर केलंय की आमचं नाव वापरून होणारे हे व्यवहार आमचे नाहीत. भाच्याला हे तीनदा सांगितलं तरी करोडपतीचा प्रश्न चालूच आहे.

पुण्यात राहत असाल तर हे पाकीट मागवूच नका, बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जा, ढिगातून स्वतः निवडा, घासाघीस करा, यादीची चूकही तुमचीच आणि मजाही. नाशिकवाल्यांनी अंजनेरीचं नाण्यांचं म्युझियम बघावं, मुंबईवाल्यांनी फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं. आमच्यासारख्यांना घरपोच हवं असेल तर घ्या, पण फोटोतल्या मोठ्या नोटेवर जाऊ नका, आधी विचारा की नग खरा की नक्कल, आणि उत्तर लेखी मागा.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. एक फॉइलसाठी कापला, अर्धा अल्बमसाठी. चालू देशांची तेवीस नाणी सोडून दिली, सत्तावन्न नंबरमुळे.

रेटिंग लिहिताना आजीने किंमत विचारली. सांगितली. भाच्याने तिच्यासाठी सहाने गुणून दाखवली, ७,७९४ एस्कुदो. आजी डोळे मोठे करून म्हणाली, एवढ्यात मामाने मांगर बांधला असता रे मेल्या, परत कर सगळं. मग पदराखालची चंची उघडून आत बघितलं, बंद केली, आणि म्हणाली, हे एक सोडून.